टेबलावर पाणी नव्हतं

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला कधी कोरम भरत नाही. लिफ्ट बंद पडो की गच्ची गळो, क्लबहाउसमध्ये सेक्रेटरी शिवतेज आणि रिकाम्या खुर्च्या एवढेच हजर असतात. पण त्या रविवारी दुपारी खुर्च्या कमी पडल्या. लोक टेबल टेनिसच्या टेबलाला टेकून उभे राहिले, काही जण खिडकीच्या कट्ट्यावर बसले. सोमगुरू यशराज नाशिकच्या वाइनची सगळ्यांदेखत फ्रेंच वाइन करून दाखवणार होते.

आमच्या सोसायटीत वाइन क्लब आहे. बहुतेक सभासद आयटीतले. वर्षभर तो क्लब मी चालवला. मी वैजयंती, तुर्भ्याच्या एका अन्नतपासणी प्रयोगशाळेत चव परीक्षण विभागात काम करते. बिस्किटं, सरबतं, लोणची आणि कधीकधी वाइनसुद्धा चाखून त्यावर अहवाल लिहिणं ही माझी नोकरी. गेट-टुगेदरसाठी वाइन निवडायची होती, म्हणून शिवतेजने मला शिकवायला बोलावलं होतं. मी बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचे आणि म्हणायचे, नाव विसरा, वास घ्या. शिराजला मिरीचा वास येतो. सोव्हिन्यों ब्लांक पेरूची, कापलेल्या गवताची आठवण करून देते. शेनिन ब्लांकमध्ये पिकलेल्या नासपतीचा वास सापडतो. घोट तोंडात घोळवा, थुंका, पाण्याने चूळ भरा आणि मगच पुढचा ग्लास उचला.

चूळ कुणी भरायचं नाही. वर्षाअखेरच्या भेटीला शिवतेज मला म्हणाला, "ताई, तुमचं सगळं करेक्ट असतं, पण थोडं ड्राय होतं." मग त्याने यशराजजींना आणलं.

यशराजजींचा अंगरखा लिननचा आणि चष्मा बिनफ्रेमचा होता. मराठी मात्र तीन भाषांत होतं.

"द्राक्ष म्हणजे काय? सूर्याचं ब्लड. वाइन म्हणजे काय? त्या ब्लडची मेमरी. मग प्रॉब्लेम किधर होता है? आंबवताना त्यात तामसिक एनर्जी घुसते. सायन्स बिचारं तिला अल्कोहोल म्हणतं. हे सोमचक्र ती एनर्जी खाली खेचून घेतं. उरतो शुद्ध सोम."

सोमचक्र म्हणजे तांब्याची तबकडी, काठावर दिशा कोरलेल्या. तबकडीचा बाण वायव्येला फिरवला की फ्रान्स, जरा अलीकडे आणला की इटली. ऑस्ट्रेलिया हवं असेल तर आग्नेयेला. द्राक्षाची जात, तिथली माती, तिथली थंडी हे सगळं एका तबकडीत उरकलं होतं. मी ज्या फरकांसाठी वर्षभर घसा कोरडा केला, ते हा माणूस बोटाने फिरवत होता.

आधी स्वागताचा पेढा आला. तो खाऊन झाल्यावर प्रत्येकाला त्याच नाशिकच्या रेड वाइनचा एक घोट मिळाला. हॉलभर तोंडं वाकडी झाली. मग ग्लास टेबलांवरच्या चक्रांवर ठेवले, बाण फ्रान्सकडे वळवले आणि सगळ्यांनी डोळे मिटून हुंकार भरायला सुरुवात केली. तेवढ्यात यशराजजींची शिष्या चांदीच्या वाटीतून काळ्या बारीक तुकड्यांची मुखशुद्धी वाटत गेली. हुंकार थांबला, दुसरा घोट घेतला गेला आणि हॉलमध्ये एक लांब "आहा" उमटलं.

"लोण्यासारखी झाली की वो," राजलक्ष्मीकाकू म्हणाल्या. काकू मूळच्या साताऱ्याच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. "अगदी फ्रेंच."

काकूंनी फ्रान्स फक्त शाळेच्या नकाशात पाहिलं होतं. पण त्यांना हसण्याची सोय मला नव्हती, कारण मीही घोट घेतला आणि माझ्या पेल्यात थुंकला होता. खरोखरच तो मऊ लागला. जिभेवरचा तुरटपणा गेला होता. मी हातात ग्लास धरून चिडून बसले. चव चाखण्याचा पगार घेणाऱ्या बाईला हे काय झालं ते सांगता येत नव्हतं.

माझ्या शेजारी माझा धाकटा भाऊ अभय बसला होता. तो कामोठ्याला राहतो, द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. त्या दिवशी माझ्याकडे जेवायला आला होता आणि मी नको म्हणत असताना "बघतो तर, पितोय कुठे" म्हणत मागोमाग आला. त्याने हात वर केला.

"सर, मी सोडलीये. विहारात जाऊन पंचशील घेतलंय. माझ्यासारख्याने ही घेतली तर?"

यशराजजी त्याच्यापर्यंत चालत आले. खांद्यावर हात ठेवला.

"भाऊ, तुम्ही सोडली ती दारू. ही दारूच नाही. तुमचं शील कसं मोडेल?"

अभयच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं हसू पसरलं. दारूने त्याचं यकृत एकदा पार कामातून गेलं होतं. अंगाला हळद फासल्यासारखा पिवळा होऊन तो हॉस्पिटलमध्ये पडला होता आणि त्याची बायको अक्षता त्याच्या उशाशी स्टुलावर बसून होती. सोडताना डॉक्टरांनी तिच्यासमोर बजावलं होतं की यापुढे थेंबसुद्धा चालणार नाही. त्याने तो शब्द पाळला होता. आता लिननचा अंगरखा घातलेला एक माणूस त्याला हसतमुखाने सांगत होता की चालेल.

दोन दिवसांनी अक्षताचा फोन आला.

"ताई, हे पुढच्या रविवारी त्या सोमगुरूंची दीक्षा घेणारेत. ते चक्र घरी आणणार म्हणतात. पूर्ण ग्लास घ्यावा लागतो म्हणे दीक्षेला."

"तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? सुशिक्षित लोकांनी भरलेला हॉल होता, ताईसुद्धा होती, म्हणतात. तुमी तिथं गप्प बसला होता ना?"

मी अभयला फोन लावला. तो म्हणाला, "तुला सगळ्यातच खोट दिसते. तुलाही गोड लागली ना? खरं सांग." मी खरं सांगितलं. मग शिवतेजकडे गेले. दिवसभर कोडमधल्या चुका शोधणारा हा मुलगा मला म्हणाला, "ताई, प्लीज, निगेटिव्हिटी नको. लोकांना चांगला एक्स्पिरियन्स येतोय." जिभेला आलेला अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे मी त्याला तीन प्रकारे समजावलं. त्याने तिन्ही वेळा मान डोलावली आणि रविवारचा मेसेज ग्रुपवर टाकला.

रागाच्या भरात मी घरी चहा करत होते. सोबत शेजाऱ्यांकडून आलेली जिलेबी होती. जिलेबीचा तुकडा खाल्ला, चहाचा घोट घेतला आणि वाटलं, साखर घालायची राहिली. डबा उघडला, पण साखर घातलेली मला आठवत होती. तिथेच मी थांबले.

क्लबहाउसचा तो हॉल मी डोळ्यांसमोर आणला. पेढे होते, ग्लास होते, चांदीची वाटी होती. एका टेबलावरही पाणी नव्हतं. राजलक्ष्मीकाकूंनी मागितलं तेव्हा शिष्या म्हणाली होती की पाण्याने शक्ती उतरते.

काळे तुकडे खारट आणि आंबट होते, एवढं मला नक्की आठवत होतं. मी फडताळातला मीठ लावून वाळवलेल्या आवळ्याचा डबा काढला, नाशिकची तीच वाइन आणली आणि ओट्यापाशी उभी राहिले. पेढा खाऊन घोट घेतला तर वाइन आंबट, तुरट. चूळ भरली. आवळा चघळून घोट घेतला तर तीच वाइन मऊ. तबकडी नाही, हुंकार नाही, वायव्य दिशेला तर आमच्याकडे बाथरूम आहे. मला आनंद व्हायला हवा होता. पण हे मला पहिल्याच दिवशी ओळखता यायला हवं होतं या विचाराने मी जास्तच चिडले.

रविवारी मी पाण्याचा मोठा जग घेऊन गेले. दीक्षा घेणारे पुढच्या दोन रांगांत होते. त्यांनी पेढा खाऊन मुखशुद्धी चघळली होती आणि त्यांचे भरलेले ग्लास नुकतेच चक्रांवरून उतरले होते. अभयने आपला ग्लास दोन्ही हातांत धरला होता.

"थांबा जरा," मी म्हणाले. "यशराजजी, एक विनंती आहे. फक्त क्रम बदला. मुखशुद्धी आधी द्या, पेढा नंतर."

"बेटा, उलटं केलं की चक्र उलटं फिरतं. सोमचं विष होतं."

"मग चक्रच नको. काकू, तुम्ही येता?"

राजलक्ष्मीकाकू आल्या. त्यांनी आधी जगमधल्या पाण्याने चूळ भरली. मी माझ्या डब्यातला आवळा त्यांना चघळायला दिला आणि बाटलीतून सरळ ग्लासात वाइन ओतली.

"आता प्या."

त्या प्यायल्या. "झाली की फ्रेंच."

"चक्रावर ठेवली नव्हती. आता पुन्हा चूळ भरा आणि हा पेढा खा." मी दुसरा ग्लास चक्रावर ठेवला, बाण फ्रान्सकडे नीट वळवला आणि शिष्येला हुंकार भरायला सांगितलं. तिने बिचारीने भरला. "घ्या."

काकूंनी घोट घेतला आणि तोंड आंबट केलं. मुख्याध्यापिकेचा आवाज पुन्हा वर आला. "आंबट ढाण हाय ही. चक्रावर ठेवूनबी आंबट. अवो, लाडू खाऊन चहा घेतला तर बिनसाखरेचा लागतो, तसलंच हाय की हे."

"तसंच आहे," मी म्हणाले. "गोड खाल्लं की वाइन आंबट आणि कडवट लागते. खारट-आंबट खाल्लं की तीच मऊ लागते. वाइन बदलत नाही, तुमची जीभ बदलते. म्हणून इथे पाणी ठेवलेलं नाही."

चारपाच जण पुढे आले, स्वतः करून बघू लागले. हॉलमध्ये कुजबुज वाढली. पण यशराजजी मुरलेले होते.

"चव माया आहे," ते शांतपणे म्हणाले. "मुद्दा तामसिक एनर्जीचा आहे. ती तर निघून गेली ना? ते कसं दाखवणार?"

अभयने ग्लास अजून सोडला नव्हता. मी त्याच्यासमोर जाऊन हात पुढे केला.

"दे."

"ताई, सोड ना."

"तुझाच ग्लास हवा. चक्रावरून उतरलेला, यांच्याच हातचा."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बोटं सैल व्हायला वेळ लागला, पण झाली.

क्लबहाउसच्या पँट्रीची खिडकी हॉलमध्ये उघडते. मी सगळ्यांना दिसेल अशा बेताने शेगडीवर दोन छोटी पातेली ठेवली. एकात खोक्यातला द्राक्षाचा रस, दुसऱ्यात अभयचा सोम. लोकांना मागे सरायला सांगितलं, शिवतेजला दिवे बंद करून पडदे ओढायला लावले. रसाला उकळी आली तेव्हा मी लांब दांड्याचा लायटर त्याच्या वाफेवर धरला. काही झालं नाही. मग सोमाला उकळी आली आणि मी लायटर तिकडे नेला. पातेल्यावर भप्पकन निळी ज्योत उभी राहिली, थरथरली आणि थोड्या वेळाने विझली.

"रस पेटत नाही," मी म्हणाले. "दारू पेटते. जशी बाटलीत होती तशीच ग्लासात आहे."

यशराजजींनी तबकड्या गोळा करायला घेतल्या. संशयी माणसांच्या सावलीत सोम पेटतो, असं काहीतरी ते म्हणत होते. त्यांना कुणी अडवलं नाही. उलट दोघंतिघं त्यांच्या बॅगा उचलून पार्किंगपर्यंत गेले. मी हॉलमध्ये आले तसा शिवतेज माझ्याजवळ आला.

"ताई, मानलं. पण व्हायब्रेशन थोडं तरी असेलच ना?"

मला त्याला ते गरम पातेलं दाखवावंसं वाटलं. मी पँट्रीत गेले. तिथे अभय सिंकपाशी उभा राहून पातेली घासत होता.

"ही दारूच आहे असं मला वाटलं होतं," तो मान वर न करता म्हणाला. "पहिल्याच दिवशी वाटलेलं. वासाला मी फसेन होय?"

"मग?"

"चव बिव मला काय करायचीये. कुणीतरी चालेल म्हणायला पायजे होतं. त्या माणसाने म्हटलं."

मला रडू आलं आणि त्याला एक थोबाडीत द्यावीशीही वाटली. मी डब्यातला आवळा त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो चघळला, नळाला ओंजळ लावली आणि पाणी प्यायला.

"गोड लागतंय," तो म्हणाला.

"नळाचं पाणी आहे. अक्षताला फोन कर."

त्याने माझ्यासमोरच केला.

यशराजजींचा कार्यक्रम पुढच्या महिन्यात घणसोलीच्या एका सोसायटीत आहे, असं मला कळलं आहे. तिथेही खुर्च्या कमी पडतील. म्हणून हे लिहिते आहे. कुणी तुम्हाला चमत्कार दाखवणार असेल तर खुशाल बघा, पण आधी टेबलावर पाणी मागा. त्याने तोंडात काही दिलं तर चूळ भरा, आणि मग दाखव म्हणा. क्रम उलटा करायला सांगा. हे करायला प्रयोगशाळा लागत नाही, घरातला आवळ्याचा डबा पुरतो. आणि डॉक्टरांनी बंद केलेली गोष्ट कुणी हसून चालेल म्हणत असेल, तर त्याला एवढंच विचारा की उद्या हॉस्पिटलात माझ्या उशाशी स्टुलावर बसायला तू येशील का. अक्षताला त्या हॉलमध्ये कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून तिच्या वतीने मी विचारते आहे.