स्किनची सीट

पाच वाजता पीजी प्रवेशाचं पोर्टल बंद होणार होतं, आणि तीन वाजून गेले तरी हयग्रीवची यादी काही ठरेना. स्किन वर, सायकियाट्री खाली. मग सायकियाट्री वर, स्किन खाली. एमबीबीएस झालेल्या माणसाला पुढे कशाचा डॉक्टर व्हायचं एवढंच ठरवायचं असतं, आणि तेच याला जमेना! सकाळपासून चार कप चहा झाला, गच्चीच्या सहा फेऱ्या झाल्या, पान वाढलेलं तसंच राहिलं.

"स्किन वर ठेव की रे, सुम्ने, उगाच काय तडफडतोस?" अम्मा, म्हणजे अन्नपूर्णाबाई, म्हणाल्या. "रात्री-अपरात्री उठणं नाही, धावपळ नाही. रँक काय फुकट आलाय?"

फुकट नव्हताच आला. त्या रँकला म्हैसुरातच स्किनची सीट मिळत होती, आणि ती सोडली असती तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. अप्पांनी, म्हणजे सुब्बरावांनी, तर देवराज मोहल्ल्यातल्या निम्म्या शिंप्यांना सांगूनही टाकलं होतं. तीन पिढ्या आम्ही कापडाचा रंग जुळवला, आता आमचा मुलगा माणसांच्या कातडीचा बघणार.

सुब्बराव रंगारी. घर वर, दुकान खाली. ब्लाउजचा तुकडा नेऊन द्यायचा, ओढणी तश्शी रंगवून मिळायची. उकळत्या पातेल्यात रंगाची चिमूट टाकायची, कापडाचं टोक बुडवायचं, वाळवायचं आणि दारात उन्हात धरून बघायचं, ही त्यांची रीत. नजर अशी की एक छटा इकडची तिकडे व्हायची नाही.

आणि अशा माणसाच्या पोटी हा हयग्रीव, ज्याला लाल आणि हिरवं धड वेगळं दिसत नव्हतं. शाळेत असतानाच त्याला ते कळलं होतं आणि त्यानं कुणाला म्हणून सांगितलं नव्हतं. रीळ आणायला पाठवलं की रिळावरचा नंबर वाचायचा. पातेल्याजवळ अप्पा फिरकूच द्यायचे नाहीत, अभ्यास कर म्हणायचे. कॉलेजात मायक्रोस्कोपखालच्या पेशी आकारावरून ओळखल्या. निभावून नेलं बेट्यानं.

मग सरगूरकडच्या एका दवाखान्यात त्याची वर्षभराची नोकरी झाली. तिथं एका मजुराच्या तळहाताची जखम त्यानं पुसली, पट्टी बांधली, परवा या म्हणाला. नर्स कमलाक्षी हळूच म्हणाली, "सर, लाल रेघ कोपरापर्यंत चढलीय. दिसली नाही?" त्याला दिसला होता तो नुसता हात, नेहमीसारखा. जखमेतलं विष वर सरकत होतं. माणूस वाचला, पण तेव्हापासून कुणी बाही वर केली की हयग्रीव आधी कमलाक्षीला हाक मारायचा. आणि आता जन्मभर तेच बघायचं? ऐकायला मात्र तो कधी थकत नसे. झोप लागत नाही म्हणून येणाऱ्या बायकांपाशी त्याच दवाखान्यात तो अर्धा-अर्धा तास बसायचा.

सव्वाचारला तो लॅपटॉप घेऊन खाली दुकानात आला. मागोमाग अम्माही आल्या.

"यादी लॉक केलीस?" अप्पांनी दारातून विचारलं. हातात ओली ओढणी होती.

"अप्पा, ती ओढणी कुठल्या रंगाची आहे ते मला सांगता येत नाही."

अप्पा हसले. मग त्याचं तोंड बघून थांबले. दोरीवरचे दोन तुकडे ओढून त्यांनी त्याच्यापुढे धरले. "यातला विटकरी कुठला?"

त्यानं मेंदी रंगाच्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"भीती वाटली. रंगाऱ्याचा मुलगा मी."

"औषध?"

"नाही. जन्मापासूनच असतं. आईकडून येतं. आईला स्वतःला त्रास नसतो, पण तिच्या भावाला असू शकतो."

अम्मा पायरीवर बसल्या. "भुजंग," म्हणाल्या.

भुजंगराव त्यांचा धाकटा भाऊ. याच दुकानात काम शिकायचा. बावीस वर्षांपूर्वी लग्नाच्या अकरा साड्या त्यानं विटकरीच्या जागी मेंदी रंगात बुडवल्या. रंगाऱ्याचा रंग चुकला म्हणजे एक तर तो प्यायलेला, नाही तर मुद्दाम केलेलं, तिसरं कारण यांच्यात कुणी ऐकलंच नव्हतं. सुब्बरावांनी सगळ्या गल्लीदेखत त्याला बेवडा म्हणून हाकलला. भावजी, मला दोन्ही सारखेच दिसले हो, असं तो पुन्हापुन्हा सांगत होता. तेव्हापासून तो बन्नीमंटपाकडे राहायचा, गोदामात खोकी बांधायचा. या उंबऱ्यावर परत आला नाही.

"तो कधीच प्यायला नव्हता," अम्मा म्हणाल्या. "मी तेव्हाही सांगत होते."

अप्पांनी ते दोन तुकडे उन्हात धरले, पुष्कळ वेळ बघितले आणि खाली ठेवले.

"किती वाजले?"

"चार चाळीस."

"मग कर ना लॉक."

"स्किन?"

"आत्ता काय दाखवलंस मला? काढून टाक ते."

हयग्रीवनं स्किन यादीतून काढलं. सायकियाट्री वर नेली. लॉक झालं. सुटल्यासारखं वाटेल असं त्याला वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही. अप्पांनी पातेल्याखालचा गॅस बंद केला आणि चपला पायात सरकवल्या.

"चल बन्नीमंटपाला. मी सांगून त्याला पटायचं नाही. तू डॉक्टर आहेस, डोळ्यांचं तू सांग."

रस्त्यावर आल्यावर ते थांबले. हात रंगाचे होते, ते त्यांनी धोतराला पुसले आणि मुलाकडे न बघता म्हणाले, "आणि तुझं सांगून झाल्यावर मी काय म्हणायचं, तेही सांगून ठेव."