मासिकातला सुटलेला फोटो

चिमूरच्या नसीमबाई पुस्तकं बांधून द्यायच्या. संघपाल प्राध्यापकांनी त्यांना छायाचित्रणाच्या दीडशे वर्षांपूर्वीच्या मासिकाचे अंक दिले. तेव्हा मजकुरासोबत फोटो छापता येत नसत, म्हणून अंकात खरा फोटो हातानं चिकटवत. एका अंकाच्या पाठीवरची, पानं चिकटवलेली जुनी खळ ओल्या फडक्यानं सोडवताना पाणी आत झिरपलं आणि एक फोटो सुटून गुंडाळू लागला. नसीमबाईंनी तो टिपकागदात घालून वर पाटा ठेवला, पण दुपारभर उघडून पाहायची हिंमत झाली नाही.

संघपाल आल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमीच पाहा. मले भेव लागून राह्यलं."

फोटो सपाट झाला होता, पण कोपऱ्याला चीर गेली होती. संघपालांनी फोटो जपून अंकात परत ठेवला.

"बाकीचे अंकबी तुमीच बांधा, बाई," ते म्हणाले. "पन मी इथी बसतो. भेव लागलं त दोघं मिळून पाहू."