नंतरच्या रहिवाशांचा निळा

वरचा थर : पांढरा

"आई, दिसतंय का?"

दिसत होतं ते छत. मग संहिताची चप्पल. मग पुन्हा छत.

"सरळ धर ना यार. मला काय पंखे बघायचेत?"

"रुक, लोक आहेत पुढे."

धम्मदीना महूजवळच्या राजेंद्र नगरच्या घरात फोन हातभर लांब धरून बसली होती. तिची मुलगी संहिता फोर्ट कोचीच्या कुणा मसाल्याच्या व्यापारी शेठजींच्या जुन्या कोठीत तिकीट काढून फिरत होती. ऑफिसच्या कामासाठी गेली होती, काम संपलं होतं, उद्या सकाळचं विमान. मधली दुपार आईनं मागून घेतली होती.

दारावर जहाजाचा नांगर कोरलेली कोठी, धक्क्याजवळ. धम्मदीनाचे वडील आनंदराव एवढंच सांगायचे. ते फौजेच्या बांधकाम खात्यात वायरमन होते, महूहून बदली होऊन कोचीला गेले होते. क्वार्टर मिळालं नाही म्हणून या कोठीच्या मागच्या अंगाची एक खोली भाड्यानं घेतली होती. आता कोठीचं संग्रहालय झालं आहे. नेटवर फोटो सापडला. दारावर नांगर होता.

त्या खोलीत चंपा होती. धम्मदीनाची आई. अकोल्याकडची, असं ऐकून माहीत. तिथंच बाळंतपणात गेली, बाळासकट. तिचा फोटो नाही. साडी नाही, वाटी नाही. धम्मदीना तेव्हा तीन वर्षांची. तिच्याकडे आईचं म्हणून एकच आहे : निळं. चारी बाजूंनी निळं, आणि त्यात कुणीतरी वावरतंय.

"मागची खोली दाखव," ती म्हणाली. "शेठजींचे पलंग-बिलंग राहू दे."

खिडकीशी दादा लसूण सोलत बसला होता, फोनकडे पाठ करून. संघदीप. थोरला भाऊ, दर रविवारी महूहून येणारा.

"दादा, ये ना बघायला."

"तू बघ. माझा चष्मा नाहीये."

चष्मा कपाळावर होता.

त्याखाली : मळकट पिवळा

हे त्यांच्यात पहिल्यापासून असंच.

दादा, आपली कोचीची खोली निळी होती ना?
माहीत नाही.
तू सहा वर्षांचा होतास.
मग?
मग आठवत असेल ना काही.
काही नाही आठवत. पोहे गार होतायत तुझे.

लग्नाआधी विचारलं, लग्नानंतर विचारलं, आनंदराव गेल्यावर विचारलं. एकदा महूच्या स्टेशनवर गाडी सुटता सुटता विचारलं, म्हणजे विषय बदलायला त्याला वेळच उरणार नाही. तो चालत्या गाडीच्या बाजूनं चार पावलं आला आणि म्हणाला, "पाणी घेतलंस ना?"

एकदाच चिडून बोलला होता. "तीन वर्षांच्या पोरीला काय रंग आठवणार? महूत सगळ्यांची घरं निळी होती. तेच बघितलं असशील."

ते खरं होतं. महूत जयंतीच्या आधी घरोघर चुन्यात नीळ घालून भिंती रंगवायचे. लहानपणी धम्मदीनानं स्वतः कुंचा मारला होता. दादा तसं बोलला तेव्हापासून तिच्या त्या एका गोष्टीलाही धक्का लागलेला होता. निळं कोचीचं की महूचं? महूचं असेल, तर त्यात वावरणारी बाई आई नव्हती. कुणीही होती. शेजारीण होती.

त्याखाली : हिरवट. पापुद्रे सुटलेले

"आई, मागच्या बाजूला आले. इथे नेट जरा"

"काय?"

"नेट. गाइड मॅडम म्हणतायत की हे घर त्यांनी एकोणीसशे आठ सालात ठेव"

"कुठे ठेवलं?"

"आठ सालात! म्हणजे तेव्हा जसं होतं तसंच केलंय परत. त्यानंतरचं सगळं काढून"

"काढून काय?"

"टाकलंय."

चित्र थांबलं. अर्धी खिडकी, अर्धा संहिताचा अंगठा. पांढरी भिंत. स्वच्छ, नवी, शेठजींच्या काळातली पांढरी.

"हीच खोली?"

"हो ना. एकच आहे मागे. इथे मसाल्याची पोती ठेवलीत, शो म्हणून. आई?"

"ऐकते आहे."

"सगळं पांढरंच आहे गं."

लसणाच्या पाकळ्या ताटलीत पडत होत्या. एक. एक. मग थांबल्या.

"चल, ये बाहेर," धम्मदीना म्हणाली. "समुद्र दाखव जरा. तो तरी त्यांनी काढला नसेल."

"थांब. कोपऱ्यात काहीतरी आहे. काच लाव"

गेली.

आली.

"लावलीय. काचेखाली भिंत सोलून ठेवलीय. एकाखाली एक रंग, जिन्यासारखे. मॅडम म्हणतायत, दुरुस्ती करताना असा एक तुकडा सोडतात, भिंतीला काय काय रंग होते ते दिसायला. पांढरा, पिवळा, हिरवट, मग"

गेली.

त्याखाली : निळा

आली.

काच चमकत होती. संहितानं ओढणीची सावली धरली, तेव्हा दिसला. तळहाताएवढा. काठाला फाटलेला, मधे स्वच्छ.

धम्मदीनानं फोन अगदी डोळ्यांपाशी आणला.

"आई, खाली पाटी आहे. वाचू? 'निळा चुना. नंतरचे रहिवासी. अंदाजे एकोणीसशे साठनंतर. हलक्या प्रतीचा रंग.'"

"हलक्या प्रतीचा," धम्मदीना म्हणाली. मग हसली. "नंतरचे रहिवासी म्हणजे आम्ही. दादा, ऐकलंस? आपलं नाव लागलंय तिथे."

दादा उठून उभा होता. ताटली हातात तशीच.

"हात लाव त्याला," ती फोनला म्हणाली.

"काच आहे गं."

"मग सारखा रंग का बदलतोय तो? आत्ता जांभळट दिसला, आत्ता करडा."

"फोनचा प्रॉब्लेम आहे. खरा असा नाहीये."

"खरा कसा आहे?"

"निळा आहे, आई. कसं सांगू? फिकट. पण आकाशी नाही. शाळेच्या शर्टासारखा... नाही, तसा पण नाही."

मुलगी तिथे, डोळे तिचे, आणि रंग सांगता येत नव्हता. धम्मदीनानं फोन मांडीवर ठेवला, पुन्हा उचलला.

"तिथंच थांब. हलू नको. दादा, चौकातून चुना आण आणि नीळ आण."

"पागल आहेस का? आत्ता?"

"ते बंद होईल आणि ही उद्या निघेल. परत कोण जाणार आहे? मी इथे कालवते, ती तिथे बघून सांगेल जुळतोय का. मला तो एकदा बघायचाय. फोनमधला नाही, समोर भिंतीवर."

तो वाद घालेल असं तिला वाटलं होतं. त्यानं ताटली ठेवली आणि चप्पल घातली.

आला तेव्हा घामाघूम. चुन्याच्या भुकटीची पिशवी, निळीची पुडी.

"हार्डवेअरवाला सोडत नव्हता. म्हणे, अंकल, गोंद भी ले जाओ, नहीं तो सबके कपड़े रंग जाएँगे. मी म्हटलं, नको भिया."

"का? महूत तर घालायचे डिंक."

"आपण नव्हतो घालत," दादा म्हणाला, आणि बादली आणायला गेला.

मागच्या ओट्यावर नुसत्या सिमेंटची भिंत होती. धम्मदीनानं चुना भिजवला, नीळ चिमटीनं सोडली, जुन्या टूथब्रशनं एक चौकोन ओढला, फोन समोर धरला.

"खूप गडद," संहिता तिकडून म्हणाली. "अगदी खूपच."

चुना.

"आता पांढरा झाला."

नीळ. चिमूटभर.

"जवळ आला. पण हिरवट मारतोय का?"

"तो फोन मारतोय!"

"आई, लोक माझ्याकडे बघतायत. भिंतीला फोन विकते आहे असं वाटत असेल त्यांना."

"बघू दे. तिकीट काढलंयस ना?"

नीळ. चुना. पाणी. भिंतीवर चौकोनांची रांग झाली. दादा मागे उभा राहून बघत होता. शेवटी म्हणाला, "ओला आहे तोवर काही कळणार नाही. चुना वाळला की उघडतो."

"किती वेळ लागेल?"

"उन्हाळा आहे. तासभर."

"आई," संहिता हळूच म्हणाली, "मॅडम उभ्या आहेत. बंद करायची वेळ झाली म्हणतात."

"तासभर थांबा म्हणावं त्यांना."

"आई."

"सांग तर खरं. सांग की माझ्या आजीनं रंगवलंय ते."

संहितानं सांगितलं. इंग्रजीत, भराभर. फोन खाली झुकला होता, लाल फरशी दिसत होती. मॅडम काहीतरी बोलल्या, आवाज मऊ होता.

"त्या सॉरी म्हणतायत. किल्ली त्यांच्याकडे नसते. पण पाटीवर नाव लिहायचं का, विचारतायत."

धम्मदीनानं ब्रश बादलीच्या काठावर ठेवला. मग म्हणाली, "चंपा आनंदराव."

"आणि आई, लाइट बंद के"

निळा करडा झाला. मग काळा. मग पडद्यावर धम्मदीनाचाच चेहरा, कपाळावर चुन्याचा ठिपका.

त्याखाली : प्लास्टर. इथे रंग नाही

चंपा गेल्यावर तिला कोचीत कुठे नेलं, ते आनंदराव कधी बोलले नाहीत.

मुलांनी विचारलं नाही.

त्याखाली : दगड

ऊन उतरलं. चौकोन एकेक करून उघडत गेले. गडद होता तो मध्यम झाला, मध्यम होता तो फिका, फिका होता तो जवळजवळ गेलाच. धम्मदीना ओट्यावर बसून एकाकडे बघे, मग दुसऱ्याकडे. हा असेल. नाही, हा. डोळे मिटून बघितलं. मिटल्यावर जे निळं होतं ते उघडल्यावर कुठल्याच चौकोनात नव्हतं, आणि सगळ्यांत थोडं थोडं होतं.

संहिताचा मेसेज आला. फोटो पाठवलाय, बघ. फोटोत तिसराच रंग होता.

आत दादानं चहा ठेवला होता, आल्याचा वास येत होता. तिचे गुडघे भरून आले होते. ती उठली, वळली, आणि दमल्या माणसानं टेकावं तशी भिंतीला टेकली. पाठ थेट चौकोनांवर.

दादा दोन कप घेऊन दारात आला.

"टेकू नको वं बाई, निळी होशीन!"

अकोल्याकडचं. चढ्या आवाजात, शेवटी हेल काढून. सत्तरीला आलेला, जन्मभर महूत 'अरे यार' आणि 'भिया' करत आलेला माणूस. त्याच्या तोंडून हे आधी कधी निघालं नव्हतं. महूत त्यांच्या घरात कुणाच्याच तोंडून निघालं नव्हतं.

तो दारातच थांबला. कपातला चहा बशीत हिंदकळला.

"काय म्हणालास?"

"काही नाही. साडी खराब होईल म्हटलं."

"तसं नाही म्हणालास."

दादानं कप खाली ठेवले. एक सरळ ठेवला, दुसऱ्याचा कान आपल्याकडून तिच्याकडे वळवला. पुन्हा आपल्याकडे.

"तू सारखी टेकायचीस," तो म्हणाला. "ती सारखी ओरडायची. तुझी सगळी झबली मागून निळी होती."

समोरच्या घरात कुणीतरी कुकर लावला होता.

"पुन्हा म्हण," धम्मदीना म्हणाली.

"दीना, चहा घे."

"दादा. पुन्हा म्हण ना."

त्यानं मान हलवली. तिचा कप उचलून पुढे केला.

ती भिंतीपासून दूर झाली नाही. खांदे टेकवले, मग डोकं, मग दोन्ही हात मागे घेऊन तळवेही, आणि त्याच्याकडे बघत तशीच वाट पाहत उभी राहिली.