भोपळ्यावरचा पहिला वार

"वयनी, बारा तारखेला भोपळा मी फोडणार. त्यात बोलण्यासारखं काय नाय," असं म्हणून मधुकाकाने चहाची बशी तोंडाला लावली.

नोव्हेंबरच्या बारा तारखेला बाबांचं वर्षश्राद्ध. पानावर भोपळ्याची भाजी लागते, आणि अख्खा भोपळा बाईने फोडायचा नाही अशी आमच्याकडची रीत. पुरुषाने पहिला वार घालायचा, पुढचं चिरणं-सोलणं बाईचं. आमच्या घरी तो वार बाबा घालत, आणि सुरी आईच्या हातात देऊन पेपर वाचायला बसत.

भोपळा आमच्याच वेलाचा. दहिसरला नदीच्या अंगाला आमची चाळ, मागे थोडी काळी, चिकट माती. तिथे आईने वेल लावून पत्र्यावर चढवला होता. टेकडीवरून येणाऱ्या माकडांना शिव्या घालत तिने तीन भोपळे राखले.

"का रे काका, आमच्या घरात माणसं नाहीत?" मी विचारलं.

"माणसं आहेत गं अक्षता. पुरुष नाही."

तो वाईटपणाने बोलला नाही, काळजीनेच बोलला. म्हणून जास्त लागलं. वर्षभर हेच चाललं होतं. चाळीच्या मीटिंगला तो जाणार, नळवाल्याशी तो बोलणार, भिंतीला रंग कुठला तेही तोच ठरवणार. आई मान हलवायची, मी गप्प राहायचे. त्या दिवशी राहिले नाही.

"भोपळा मी फोडीन. माझ्या हातच्या सुरीने."

मी सुरी बनवायला घेतली आहे हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा फिटर होते. त्यांच्या पेटीत लोखंड घासायच्या सात जुन्या कानशी होत्या. ते गेल्यापासून पुस्तकाचं एक पान सरकत नव्हतं. हाताला काहीतरी हवं होतं. म्हणून एक झिजलेली कानस काढली आणि तिचीच सुरी करायला शिकू लागले, एवढंच.

काका हसला. "बँकेत बसणारी पोरगी तू. तुझी सुरी साबण तरी कापेल काय?"

"भोपळा नाही कापला तर तू फोड. यंदा आणि दरवर्षी. घरात काय करायचं तेही तू सांग, मी तोंड उघडणार नाही. पण कापला, तर या घरात कोण नाही ते परत मोजायचं नाही."

"वयनी, ऐकलंत ना? तुम्ही साक्षीदार."

"माका मधी घेव नकात," आई म्हणाली आणि कपबशा उचलून मोरीवर गेली.

कानस तापवून रात्रभर राखेत पुरली की मऊ पडते. मग दुसऱ्या कानशीने तिला घासून आकार द्यायचा. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावरून अंगावर यायचं, नदीचा वास नाकात बसायचा, आणि मी घासत असायचे. तळहाताला फोड आले, ते फुटले, तिथे कातडी जाड झाली. पात्याला रूप यायला तीन रविवार गेले.

मग पाणी द्यायची, म्हणजे पातं लाल तापवून एकदम विझवून कडक करायची वेळ आली. शेगडीत करवंट्यांचा कोळसा पेटवला आणि भात्याऐवजी केस वाळवायचा ड्रायर लावला. मी व्हिडिओत बघितलं होतं की कानशीचं पोलाद तेलात विझवायचं. पण आई दारात उभी राहून म्हणाली, "त्याल कित्याक? आमच्या गावचो लवार कोयती पाण्यातच बुडवी. मी बारकेपणी बघलंय." इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा काहीतरी ठामपणे बोलत होती. मला तिचा शब्द मोडवेना. बादली आणली आणि लालभडक पातं पाण्यात घातलं.

टिंग.

एवढुसा आवाज. पात्यावर धारेपासून पाठीपर्यंत केसाएवढी चीर.

आई बादलीवर वाकली. "कोयती येगळी, ह्या येगळा," ती म्हणाली. "माजाच चुकला."

"विचारायला हवं होतं मी, कोयती कसल्या लोखंडाची ते."

"किती दिस रवले?"

"नऊ."

"मगे रडतंस कित्याक? दुसरी कानस काड."

मी रडत नव्हते, धूर गेला होता डोळ्यांत. पण दुसरी कानस काढली. बँकेतून आले की रोज दोन तास घासायचे. आता आई टोक धरून बसायची. वरच्या मजल्यावर राहणारा काका जिन्यावरून खाली डोकावून जायचा. "अजून चाललंय? मी विळ्याला धार लावून ठेवलीय हां!"

दुसऱ्या वेळी आईने स्वतःच खोबरेल आणलं, अख्खा डबा पातेल्यात ओतला. पातं पुरेसं तापलं की त्याला लोहचुंबक चिकटत नाही; तसं झाल्यावर मी ते सरळ तेलात सोडलं. भपकन ज्वाळा उठली, आईने वर परात टाकली. चाळभर नारळाच्या वड्या करपल्यासारखा वास सुटला. टिंग झालं नाही.

असं विझवलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. मंद आचेवर दोन तास ठेवलं की त्याला चिवटपणा येतो. ओव्हन चाळीत एकाच घरात, शेजारच्या शकुकडे. ती केक करून विकते.

"माझ्या ओव्हनात लोखंड? वेडी झालीस काय गं? उद्या लोकं म्हणतील, शकुच्या केकला कोयत्याचा वास येतो!"

"दोनशेवर दोन तास, शकु. प्लीज."

"त्या मधुकाकाची जिरवणार असशील तर तीन तास ठेव."

पातं बाहेर आलं ते गव्हाच्या काडीच्या रंगाचं. मोडक्या पाटाच्या फणसाच्या लाकडाची मूठ बसवली, ती जरा वाकडीच बसली.

बारा तारखेला सकाळी काका विळा घेऊन हजर. शकु दारात. भोपळा पाटावर, साल दगडासारखी. मी देठाशी टोक लावलं आणि जोर दिला. सुरी चार बोटं आत गेली आणि अडकली. पुढे जाईना, मागे येईना. कपाळावरचा घाम भोपळ्यावर पडला.

"झालं?" काका म्हणाला. आवाजात हसू नव्हतं. "दे इकडे बाळा. हौस झाली ना, बास. तुझा बाबा असता तर त्यानेही हेच..."

"भावजी, थांबा," आई म्हणाली.

ती माझ्या मागे येऊन गुडघ्यावर बसली. वर्षभर तिने काकाला कधी थांबवलं नव्हतं. पदराची घडी करून तिने सुरीच्या पाठीवर ठेवली आणि दोन्ही तळवे त्यावर दाबले. "मूठ सोडू नको," माझ्या कानाशी म्हणाली. "आता."

आम्ही दोघींनी मिळून भार टाकला. करकर आवाज झाला, आणि भोपळा उघडला. आत नुसता केशरी. पात्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

काका हातातल्या विळ्याकडे बघत होता.

"वयनी, बाईने... म्हणजे रीत..." त्याने सुरुवात केली.

"रीत माका ठावक आसा. पयलो वार घालतलो तेका पुढचा चिराचा नसता," आई म्हणाली. तिने अर्धा भोपळा उचलून त्याच्यासमोर ठेवला. "आमचो वार घालून झालो. हातात इळो आसा तर उबे कित्याक? बसा, आणि साल काडूक घेवा."

मधुकाकाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दारातल्या शकुकडे. मग मांडी घालून बसला.

"जाड काडू नकात," आई म्हणाली.