वहिनींचं रक्त चाललं

मी एक चेंडू आहे, पण मला आजवर कुणी फेकलं नाही की झेललं नाही. माझं काम एकच, मुठीत बसायचं आणि दाबून घ्यायचं. रक्तपेढीत माणूस आडवा झाला, दंडाला पट्टा आवळला, की सिस्टर मला त्याच्या हातात ठेवतात आणि म्हणतात, "दाबा. सोडा. दाबा." शिरेतून रक्त नीट यावं म्हणून एवढा खटाटोप.

कारखान्यात मला लाल फोममधून कापलं आणि अंगावर एक थेंब छापला. थेंबाला डोळे आणि हसरं तोंड. माणसाच्या अंगातून बाहेर पडताना रक्ताला हसू कशाचं येत असेल, हे छापणाऱ्यालाच ठाऊक.

मुठी मात्र मी खूप पाहिल्या. कुणी मला साहेबाचा गळा समजून आवळतो. कुणी इतकं हळू धरतो, की रक्त मी देतोय आणि तो माझं सांत्वन करतोय असं वाटावं. कुणाचं सगळं लक्ष नंतर मिळणाऱ्या बिस्किटांकडे असतं. त्यातल्या त्यात तोच प्रामाणिक.

रक्तपेढीच्या भिंतीवर एक पोस्टर होतं: 'परमुलखातून येऊन इथे स्थायिक झालेल्या बंधूंनो, आम्हाला तुमच्या रक्ताची नितांत गरज आहे!' गरज खरी होती. काही दुर्मीळ रक्तगट ठरावीक मुलखातल्या घराण्यांतच सापडतात. तिथला माणूस इथे आजारी पडला, तर त्याला जुळणारं रक्त त्याच्याच लोकांत शोधावं लागतं. पण त्याच पोस्टरच्या तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, कुणाकुणाचं रक्त चालणार नाही तेही लिहिलं होतं. गावाकडे हिवताप आहे ना? मग तिकडून आल्यावर वर्षभर थांबा. म्हणजे वर "या" आणि खाली "जा". अख्खं पोस्टर वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

अध्यक्षसाहेबांनीही वाचलं नव्हतं. हे गृहस्थ या परदेशातल्या शहरात आपल्या भाषेच्या लोकांच्या मंडळाचे अध्यक्ष. दर भाषणात सांगायचे, "तिकडे असताना मी चौदा वेळा रक्तदान केलंय." मंडळाच्या सभागृहात त्यांनी मोठं शिबिर भरवलं. दारावर कापडी फलक लावला. त्यावर रक्ताचा थेंब लिंबाएवढा आणि अध्यक्षसाहेबांचा चेहरा टरबुजाएवढा. रक्तपेढीच्या खोक्यात बसून मीही तिथे पोचलो.

पहिला मान अर्थात त्यांचा. फोटोवाला तयार होता. साहेबांनी खाटेवर बसून बाही वर केली, मला मुठीत घेतलं आणि दात दाखवले. त्यांचा तळहात घामानं थबथबला होता. चौदा वेळा दिलेला हात असा नसतो, हे मला तेव्हाच कळलं. पण चेंडूला कोण विचारतो?

आमच्या सिस्टर त्यांच्याच भाषेच्या होत्या. त्यांनी विचारलं, "दादा, गावी शेवटचे कधी गेला होतात?"

"दर वर्षी जातो! मागच्या महिन्यातच आलो. आपली माणसं विसरून कसं चालेल?"

"मग तुमचं रक्त वर्षभर चालणार नाही."

"चालणार नाही म्हणजे? आमचं रक्त काय नासकं आहे का?"

"नासकं नाही हो. हिवतापाचा धोका, म्हणून नियम आहे."

साहेब पुष्कळ तापले. अपमान, भेदभाव, वर तक्रार, असे सगळे शब्द काढून झाले. पण "चालणार नाही" हे ऐकताक्षणी त्यांचा तळहात कोरडा पडला होता. फोटो मात्र त्यांनी काढून घेतलाच. बाही वर, मूठ बंद, आत मी.

मग कार्यकारिणी रांगेनं आली. चिटणीस, खजिनदार, सल्लागार. सगळे नुकतेच गावी जाऊन आलेले. कुणाच्या बहिणीचं लग्न, कुणाचा प्लॉट, कुणाचं नुसतंच "जरा चक्कर". सिस्टरनी एकेकाला बिस्किटं देऊन परत पाठवलं. खाटा रिकाम्या आणि बिस्किटं संपत आलेली.

शेवटी सिस्टरनी चहाच्या टेबलाकडे पाहिलं. अध्यक्षसाहेबांची बायको तिथे एप्रन बांधून कप भरत होती. तिला सगळे वहिनी म्हणत.

"वहिनी, तुम्ही कधी गेला होतात गावी?"

वहिनी जरा ओशाळल्या. "मी? इथे आल्यापासून नाही गेले. सहा वर्षं होतील. आधी धाकटी लहान होती, मग मुलांच्या शाळा. हे जाऊन येतात ना."

"मग तुमचं रक्त चालेल की!"

"हिचं?" अध्यक्षसाहेब हसले. "हिचा गट ओ. अगदी साधा. घ्या, घ्या."

वहिनींनी एप्रनसकट खाटेवर अंग टाकलं. पहिलीच वेळ होती. सुई टोचताना त्यांनी डोळे मिटले आणि मला धरलं. घट्ट नाही, सैल नाही. बाजारात गर्दीतून जाताना मुलाचा हात धरावा तसं. पिशवी भरली, दंडाला पट्टी लागली, आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "वहिनी, चहा संपला!" त्या लगबगीनं उठल्या, मला एप्रनच्या खिशात घातलं आणि विसरून गेल्या.

अशा रीतीनं मी त्यांच्या स्वयंपाकघरात, फ्रिजवर राहायला गेलो.

काही दिवसांनी रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाई घरी आल्या. डॉक्टर घरी येतो म्हणजे बातमी मोठी असते. वहिनींचा चेहरा उतरला. "काही वाईट निघालं का?"

"वाईट नाही. तुमचा गट ओ नाही. साध्या तपासणीत ओसारखा दिसतो, पण फार दुर्मीळ आहे. तुम्हाला स्वतःला ओ रक्तसुद्धा चालणार नाही. फक्त तुमच्याच गटाचं लागेल."

वहिनींना काहीतरी आठवलं. "धाकटीच्या वेळी मला रक्त द्यायचं म्हणत होते. मग लागलं नाही."

"बरं झालं लागलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. साहेब गट साधा असल्याबद्दलचं आपलं वाक्य आठवून छताकडे पाहू लागले.

खरं काम पुढे होतं. दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात त्याच गटाची एक बाई पडून होती. हृदयाची झडप बदलायची, पण दोन पिशव्या हाताशी असल्याशिवाय सर्जन हात लावायला तयार नव्हते. सगळीकडे शोधून एकच सापडली होती. वहिनींची. दुसरीही त्यांनीच द्यायची, पण दोन वेळांमध्ये ठरावीक अंतर ठेवावं लागतं. ते संपत होतं वहिनींच्या विमानानंतर आठ दिवसांनी.

हो, विमान. वहिनींचे वडील पडून अंथरुणाला खिळले होते. सहा वर्षांनी त्यांचं तिकीट निघालं होतं.

"तुम्ही गेलात, तर आल्यावर वर्षभर तुमचं रक्त घेता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"जाते कशाला?" अध्यक्षसाहेबांची छाती फुगली. "एका जिवाचा प्रश्न आहे. ती थांबेल. तिकीट रद्द करू."

वहिनींनी फ्रिजवरून मला उचललं. त्या दिवशी मला कळलं, की बाजारात मुलाचा हात धरणारी मूठ अशीही आवळता येते.

"मी जाणार," त्या म्हणाल्या. "तिकीट आठ दिवस पुढे ढकला. रक्त देईन आणि त्याच संध्याकाळी निघेन. आणि अहो, यंदा तुम्ही जायचं नाही. मुलांपाशी राहायचं."

"मी? मुलांपाशी? किती दिवस?"

"बाबा बसून जेवायला लागेपर्यंत."

मग त्यांनी वडिलांना फोन लावला. मी हातातच होतो.

"बाबा, मी आठ दिवस उशिरा येतेय."

"का गं? त्यांनी नको म्हटलं का?"

"नाही. कुणालातरी माझं रक्त हवंय."

"कुणाला?"

"नाव सांगत नाहीत."

मग म्हातारा म्हणाला, "देऊन ये. मी कुठे पळतोय?"

तिकिटाची मूळ तारीख उलटली, आणि पुढच्या आठ दिवसांत वहिनींनी मला जितकं दाबलं, तितकं साऱ्या रक्तपेढीनं मिळून दाबलं नसेल. सहाव्या दिवशी भावाचा फोन आला. वडिलांचं बोलणं गेलं होतं. माणसं ओळखत होते, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, आजच निघ हवं तर." वहिनींनी मान हलवली. "त्यांनी देऊन ये म्हटलंय."

नवव्या दिवशी सकाळी त्यांनी मला रक्तपेढीत सिस्टरना परत करायला नेलं. पिशवी भरेस्तोवर मी मुठीत होतो. सिस्टर म्हणाल्या, "राहू दे तुमच्याकडेच." संध्याकाळी विमान गेलं. मी पुन्हा फ्रिजवर, आणि खाली ओट्यापाशी अध्यक्षसाहेब.

वहिनी गावी होत्या त्या दोन महिन्यांत काय पाहिलं म्हणून सांगू! मुलांचे डबे भरताना या गृहस्थांना पहिल्यांदाच कळलं, की डब्यांना झाकणंही असतात आणि ती हरवतात. फोनवर मंडळाला मात्र सांगायचे, "आम्ही आठ दिवस थांबलो. आम्ही एक जीव वाचवला." आम्ही! एकदा धाकटीनं विचारलंच, "बाबा, तुम्हाला कुठे टोचलं?"

ती बाई वाचली. वहिनींच्या वडिलांचं बोलणं परत आलं नाही, पण दोन महिन्यांत ते उशीला टेकून लेकीच्या हातून जेवू लागले.

वहिनी परतल्यावर मंडळानं सत्कार ठेवला. आधी साहेबांचं लांबलचक भाषण झालं. मग कुणीतरी म्हणालं, "वहिनी, दोन शब्द बोला." त्या कधी माईकसमोर उभ्या राहिलेल्या नव्हत्या. पर्समधून मला काढून त्यांनी मुठीत धरलं.

"माझा गट काय, हे इतकी वर्षं मलाच माहीत नव्हतं. तुम्ही नीट तपासून घ्या. आता मी गावी जाऊन आले, तेव्हा वर्षभर माझं रक्त चालणार नाही. मग मंडळात कुणाचं चालेल? ज्यांच्या बायका बऱ्याच वर्षांत माहेरी गेलेल्या नाहीत, त्यांनी हात वर करा."

मागे चहाच्या भांड्यावरचं झाकण वाजलं. एकाही पुरुषाचा हात वर झाला नाही. मग मागच्या दारातून, पदराला, टॉवेलला, एप्रनला हात पुसत बायका आत येऊ लागल्या. खजिनदारीणबाई, चिटणीसबाई, सल्लागारांची सून. कुणी चार वर्षं गेली नव्हती, कुणी नऊ. आत आल्या आणि त्यांनी हात वर केले.

त्यानंतरच्या शिबिरात एकही खाट रिकामी राहिली नाही. वहिनींनी मला मुद्दाम नेलं होतं. किती मुठींतून मी फिरलो! मायाळू, रागावलेल्या, कामानं राठ झालेल्या. रक्तपेढी खूश.

पुढचं वर्ष मात्र रक्तपेढीला जड गेलं असतं. कारण त्या सगळ्या बायका एकेक करून माहेरी जाऊन आल्या होत्या. सिस्टर यादी वाचता वाचता कपाळाला हात लावत होत्या. "चालत नाही, चालत नाही, यांचंही चालत नाही. आता कुणाला बोलावू?"

"अहो, नवरे आहेत की," वहिनी म्हणाल्या. "वर्षभर घरीच होते बिचारे. मुलांपाशी."

तर आज मी पुन्हा सभागृहात आहे. माझ्या अंगाला भेगा पडल्यात, फोमचे तुकडे गळतायत, आणि अंगावरच्या थेंबाचं हसू झिजून गेलंय. त्याला आता कोणतंही तोंड शोभेल. खाटांवर नवरे ओळीनं आडवे झालेत. आणखी एखादं शिबिर निघेल माझं, फार नाही. जाता जाता तुम्हाला एकच विनवणी आहे. आपला गट नीट तपासून घ्या, घरातल्या बाईला तिच्या माणसांकडे जाऊ द्या, आणि रांगेत तुमचा नंबर लागला की, दादा, जरा हळू दाबा.