कस्टर्डचा धबधबा

डंकनने सापासाठी धबधबा बांधलाय, ही बातमी ग्लेनला टिलीनेच फोनवर दिली. वर म्हणाली, "डॅड, तू बघच एकदा." धबधबा अजून डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, तरी ग्लेनच्या अंगाचा तिळपापड झाला.

आता त्याचंही अगदीच चुकत होतं असं नाही. टिली त्याची मुलगी, बारा वर्षांची. साप टिलीचा, पण आणून दिला ग्लेनने, तो आणि त्याची बायको शेरिल वेगळे झाले त्या वर्षी. नारिंगी, करंगळीपेक्षा थोडा जाड, स्वभावाने गरीब गाय. नाव कस्टर्ड. वेगळं होताना घर शेरिलकडे गेलं, कुत्रा शेरिलकडे गेला, मुलगीही तिकडेच राहिली. ग्लेनजवळ उरलं काय, तर सापांचं ज्ञान. इंग्लंडातल्या त्यांच्या बार्न्सली गावात कुणी कबुतरं पाळतं, कुणी शर्यतीचे कुत्रे, हा लहानपणापासून साप पाळत आला. गोदामात फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या माणसाला दुसरं काय विचारणार कोण? पण दर शनिवारी टिली दारात उभी राहायची आणि विचारायची, डॅड, हिची कात का अडकली, डॅड, ही उंदीर का खात नाही. त्या दोन तासांवर त्याचा अख्खा आठवडा निघायचा.

आणि आता त्यात हा डंकन. शेरिलचा नवा माणूस, नळजोडणी करणारा. आयत्या बिळावर नागोबा! घर आयतं, मुलगी आयती, आता सापही पाहिजे म्हणे.

शनिवारी शेरिलने दार उघडलं. "चहा टाकू?"

"नको."

"तोंड का आंबट?"

"असंच असतं माझं. तू विसरलीस." ग्लेन सरळ जिना चढला.

टिलीच्या खोलीत डंकन आधीच उभा होता, खिशात हात घालून, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखा. आणि काचेच्या पेटीत कोपऱ्यात तो धबधबा. काय सांगावं, मेला सुंदर झाला होता. करड्या खडकांच्या पायऱ्या, त्यांवरून पाण्याची एक पातळ धार, वर झाडाच्या सालीचा वळणदार तुकडा, खाली बशीएवढं तळं. ग्लेनने इतकी वर्षं साप पाळले, पण त्याच्या पेट्यांत पाण्याला प्लास्टिकचा डबा असायचा.

"खडक खोटे आहेत," टिली म्हणाली. "थर्मोकोल कोरलंय, वरून फरशीच्या फटीत भरतात ते सिमेंट. पंप माशांच्या टाकीतला. आवाज येतो का बघ."

येत नव्हता.

"पाणी नळाचं घातलं असेल," ग्लेन म्हणाला. "क्लोरीन असतं त्यात."

"रात्रभर उघडं ठेवून मग घातलं," डंकन म्हणाला.

"ओल वाढेल. या जातीला ओल सोसत नाही. छाती भरते."

"म्हणून वरची जाळी मोठी केली. टिलीने सांगितलं होतं, तू तिला शिकवलंयस म्हणून."

प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार. भांडखोर माणूस परवडला, त्याच्याशी भांडता तरी येतं. हा मेला नम्र. ग्लेनला ते सोसवेना. मुलगी डंकनच्या बाजूला उभी होती, तेही त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

"आणि डॅड, कस्टर्डला केवढा आवडलाय," टिली म्हणाली. "तीन-चार दिवस झाले, बाहेरच येत नाही. नुसती पाण्यात पडून असते."

ग्लेनने कान टवकारले. सापवाल्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: हा साप मजेसाठी पाण्यात पडून राहत नाही. अंगाला काहीतरी चावत असतं, म्हणून तो बुडून बसतो. त्याने कस्टर्डला उचललं, हनुवटीखालून पांढरा कागदी रुमाल फिरवला आणि उजेडात धरला. रुमालावर मोहरीहून बारीक काळे ठिपके होते, आणि ते चालत होते.

"किडे," ग्लेन म्हणाला. "उवाच म्हणा. रक्त पितात. वेळेवर कळलं नसतं तर गेली असती."

आधी सापाची काळजी वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर ग्लेनला आधी आनंद झाला. पोटात गुदगुल्या झाल्या अगदी.

"ही झाडाची साल कुठून आणली, मिस्त्री?"

"सापांच्या दुकानातून," डंकन म्हणाला. "पण आणल्यावर मी ती..."

"दुकानातून! झालं तर मग. तिथे शंभर साप, शंभरांचे किडे. नळ जोडावेत माणसाने, ज्यातलं कळतं त्यात हात घालावा. हे सगळं काढ आत्ताच्या आत्ता."

डंकनने टिलीकडे पाहिलं. टिली खाली बघत होती. मग तो पेटीत वाकला आणि काढायला लागला. चिकटवलेलं पक्कं होतं, त्यामुळे धबधबा सुटा झालाच नाही. तुकडे तुकडे होऊन निघाला. ग्लेनने बाह्या सरसावल्या. सापाला कोमट पाण्यात धुतलं, औषध फवारलं, पेटी पुसून खाली पांढरा कागद अंथरला. टिली बादली धरून उभी होती. धबधब्याच्या ढिगाऱ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. चला, उतरलं डंकनचं भूत, ग्लेन मनात म्हणाला.

निघताना डंकन फाटकापर्यंत आला. "माफ कर, ग्लेन. तुला आधी विचारायला हवं होतं."

"असू दे," ग्लेन म्हणाला, आणि शीळ घालत गाडीत बसला.

घरी येताना त्याने तळलेला मासा आणि बटाटे आणले, व्हिनेगर जरा जास्तच शिंपडलं. खाता खाता सापाच्या नव्या पिल्लाचा डबा उघडला. पाण्याची वाटी उचलली आणि हात तसाच राहिला. वाटीच्या तळाशी काळा थर बसला होता. मेलेले किडे, जुने.

पिल्लू त्याने मागच्या महिन्यात सापांच्या प्रदर्शनातून घेतलं होतं. गरज काहीच नव्हती. डंकन काहीतरी बांधतोय एवढं टिली बोलून गेली होती, आणि ग्लेनला त्याच्यावर कडी करायची होती. नवा साप आणला की तो वेगळ्या खोलीत ठेवायचा, त्याला हात लावला की कपडे बदलायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे, मगच दुसऱ्या सापाकडे जायचं. हा पाठ तो भेटेल त्याला ऐकवायचा. आणि त्या दिवशी स्वतः प्रदर्शनातून थेट टिलीकडे गेला होता, त्याच जाकिटात. पिल्लू तिच्या ओंजळीत दिलं आणि कस्टर्डला स्वतःच्या गळ्यात घेतलं. टिलीचे डोळे कसे चमकले, ते डंकनने पाहावं म्हणून त्याला हाकही मारली होती.

मासा गार झाला. कुणाला कळणार होतं? वाटी धुतली की संपलं. चोर तो चोर, वर शिरजोर, पण बघायला कोण येतंय? ग्लेनने वाटी धुतलीसुद्धा. पण डंकनची ती माफी काट्यासारखी घशात अडकली होती. चूक माझी आणि माफी त्याची! म्हणजे माफीतही तोच पुढे. हे काही ग्लेनला पचेना. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने धुतलेले कपडे घातले आणि गेला. खरेपणा वगैरे नंतर, आधी हेवाच.

दार टिलीनेच उघडलं. आतून भाजलेल्या मांसाचा वास येत होता. ग्लेन पायरीवरच उभा राहिला.

"ते किडे डंकनच्या सालीतून नाही आले. माझ्याकडून आले. नव्या पिल्लाच्या अंगावर होते."

टिली दार ओढून घेऊन बाहेर आली. "माहितेय."

"काय माहितेय?"

"साल त्याने तासभर उकळली होती. घरभर वास सुटला, मम्मी केवढी ओरडली. मग उरलं कोण?"

"मग काल बोलली का नाहीस? त्याने सगळं तोडलं. तुला आवडला होता ना?"

"खूप."

"मग?"

टिलीने स्वेटरची बाही बोटांवर ओढून घेतली. "डंकनला काही बोललं तरी तो संध्याकाळी घरीच असतो, डॅड. तू रुसलास की येत नाहीस."

ग्लेन पायपुसण्यावर बूट घासत राहिला.

"कोण आहे गं?" आतून डंकनने विचारलं.

"डॅड आहे," टिलीने सांगितलं. "जेवायला थांबणार आहे."