चारी पेंडी

बायको, राहीबाई, गेल्याचं केरबाला गोठ्यात कळलं. सकाळचे आठ वाजले असतील. कडब्याच्या चार पेंड्या तो दगडी डोणीत बुचकळून ठेवत होता, तेवढ्यात मिरजेच्या दवाखान्यातून लेकीचा फोन आला. शिवांजली नुसतं "आबा, आई गेली" एवढंच म्हणाली. केरबानं फोन कानाशी तसाच धरला आणि उरलेली पेंडी पाण्यात दाबली. ते काम पुरं करूनच तो खाली बसला.

काम राहीबाईनंच सांगितलं होतं. दवाखान्यात नेल्यावर पाचव्या दिवशी तिनं फोन मागून घेतला होता. स्वतःच्या दुखण्याचं एक अक्षर बोलली नाही. म्हणाली, "आवं, चारी पेंडी भिजवा. एकबी सोडू नगा. न्हाईतर म्हस खायाची न्हाई."

पेंडी म्हणजे कडब्याची जुडी, हे केरबा लहानपणापासून जाणत होता. चार पेंड्या म्हणायचं असेल, दुखण्यात जीभ वळली नसेल, असं त्यानं धरलं. आणि रोज चार पेंड्या नेमानं भिजवल्या. म्हैस हुंगायची, फुरफुरायची, भूक फारच लागली तर दोन धाटं चघळायची. दूध आठ लिटरवरून तीनवर आलं.

केरबाचाही दोष म्हणता येत नाही. माण तालुक्यातल्या बऱ्याच गड्यांसारखी त्याचीही तीस वर्षं मुंबईत गेली, बंदराकडच्या गोदामांत पोती उचलण्यात. गोठा राहीबाईचा होता. ही म्हैस तर तिनं रेडकू असल्यापासून वाढवलेली. तीन वर्षांपूर्वी तो कायमचा गावी आला, तेव्हा हौसेनं धारेला बसला. तिनं त्याला उठवलं. "तुमचा हात पोत्याचा, सडाचा न्हवं," म्हणाली. ती रोज घमेल्यात काय कालवते ते त्यानं कधी वाकून पाहिलं नाही.

तेरावा झाला तोवर म्हशीच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. शेजारच्या हरिबानं त्याच्याकडची कारखान्याची गोळी पेंड आणून दिली, सगळा गाव हल्ली तीच घालतो. म्हशीनं घमेलं शिंगानं उलथवलं. हरिबा म्हणाला, गड्या, ही आता खात न्हाई, हाडं व्हायच्या आधी शनवारी गिऱ्हाईक आणतो. केरबानं होकाराची मान हलवली. दुसरं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं.

शिवांजली सासरी निघायच्या दिवशी गोठ्यात आली आणि डोणीत भिजलेला कडबा बघून थबकली. केरबानं आईचा निरोप शब्दाला शब्द सांगितला. तिनं डोणीतली एक पेंडी वर उचलली. मग हळू म्हणाली, "आबा, कडब्याच्या न्हवं. तेल काढून उरतो त्या चोथ्याच्या पेंडी. आई चार जातीच्या पेंडी भिजवायची."

केरबा डोणीच्या काठावर बसला. मरणाच्या दारातून बाईनं एक काम सांगितलं होतं आणि त्यानं ते रोज चुकीचं केलं होतं.

माळ्यावर पत्र्याचा डबा सापडला. तळाशी राहीबाईनं मिसळून ठेवलेल्या पेंडींचा मूठभर कोरडा चुरा उरला होता. तो रुमालात बांधून केरबा एसटीनं सांगलीला गेला. राहीबाईचं माहेर तिकडचं, आणि पेंड ती माहेरच्या ओळखीनं महंमदच्या दुकानातून आणायची, एवढं शिवांजलीला ठाऊक होतं. महंमदच्या वडिलांचा तेलाचा घाणा होता. घाणा केव्हाच बंद पडला, आता नुसता पेंडीचा व्यापार.

महंमदनं रुमाल कागदावर उपडा केला. त्याची म्हातारी आई अकिला आतून आली आणि राही गेल्याचं ऐकून पोत्याला टेकून उभी राहिली. डोळे पुसून झाल्यावर तिनं सगळी हकीकत विचारून घेतली.

"दाजी, कडबा भिजवला व्हय?" ती म्हणाली. "म्हशीला न्याहारी द्याची हुती का आंघूळ?"

केरबाला हसू आलं. राही गेल्यापासून पहिल्यांदाच आलं, आणि त्याची त्याला लाज वाटली.

महंमद त्याला गोदामात घेऊन गेला. आत पोत्यांची थप्पी छताला भिडलेली. ही सरकी, म्हणजे कापसाच्या बियांची पेंड, गुजरातची, ही तेलंगणाची, ती विदर्भातली, असं महंमद हात लावून सांगू लागला. पूर्वी गावचं तेल गावात आणि पेंडही गावात राहायची. आता शेंगदाण्याची पेंड कमी झाली, कारण दाणा खायलाच जातो किंवा परदेशी. सोयाबीनची बरीचशी कोंबड्यांच्या पोटात जाते. दुभत्या जनावराला देशभर सरकी. आणि अलीकडं मक्यापासून इंधनाचा अल्कोहोल काढतात, त्याचा चोथाही स्वस्त म्हणून पेंडीची जागा घेतोय. करडई तर माणात हाताच्या बोटावर मोजण्याइतकीच राहिली.

केरबा पोत्यांवरची अक्षरं बघत होता. वाचता येत नव्हती, पण वळणं ओळखीची होती. असलीच पोती त्यानं तीस वर्षं पाठीवर वाहिली होती. आत काय आहे हे कधी विचारलं नव्हतं. कुठल्या कुठल्या रानातली बोंडं, कुणाकुणाच्या बायांनी वेचलेली; तेल माणसांनी खाल्लं आणि उरलेलं इतक्या लांबून एका घमेल्यात येऊन पडलं. ते एकत्र आणणारी त्याची बायको कधी साताऱ्या-सांगलीच्या पलीकडं गेली नव्हती. त्यानं पोत्यावर तळहात ठेवला.

अकिला सांगत होती, की नवी गाडी आली की तिचे मालक, महंमदचे वडील, राहीच्या येण्याची वाट बघत. ती पेंडीची ढेप फोडायची, वास घ्यायची, कण जिभेवर ठेवायची. वरून चांगली दिसणारी पोती तिनं नाही म्हटल्यावर परत गेलेली आहेत. आतून बुरशी असायची.

मग तिनं चुरा निवडला. काळं टरफल आणि कापसाची लव, ती सरकी. गोडसर वासाची शेंगदाण्याची. पांढुरकी साल दिसली, ती करडई. चौथा कण तिनं जिभेवर ठेवला, डोळे मिटले, पुन्हा एक उचलला. महंमदनंही चाखून पाहिला.

"ही आमच्याकडची न्हाई," अकिला म्हणाली. "तिची ती घालायची कायतरी. इचारलं की हसायची. म्या म्हनलं, इचारू कवातरी."

तीन पेंडी घेऊन केरबा गावी आला. रात्रभर भिजवल्या, सकाळी कालवल्या. म्हशीनं हुंगलं आणि तोंड घातलं. अर्धं घमेलं खाऊन तिनं मान वर केली, केरबाकडं बघितलं आणि थांबली. दोन-तीन दिवसांत दूध पाच लिटरवर आलं.

शनिवारी गिऱ्हाईक आलं. केरबानं त्याला चहा पाजून परत पाठवलं.

नंतर त्यानं जवसाची घालून पाहिली, तिळाची पाहिली, खोबऱ्याची वाईहून मागवली. म्हैस अजून अर्ध्यावरच थांबते. चौथी पेंड कशाची ते कळायचं राहिलं आहे.